दक्षिणेतला काकडपाला

चष्मेवाल्याच्या घरात लोकांच्या डोळ्यांची आणि दातांची सोय करणारी दोन माणसं एकाच छपराखाली नांदत होती. रस्त्याला लागून त्याचं चष्म्याचं दुकान, वर राहायच्या तीन खोल्या, आणि बायको दोन गल्ल्या सोडून एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवायला जायची. संध्याकाळी तिच्या नखांत प्लास्टरची पांढरी भुकटी असायची आणि त्याच्या बोटांना काचा पुसायच्या द्रवाचा वास. इतकी वर्षं दोघांचं बरं चाललं होतं. म्हणजे फार गोडीगुलाबी नव्हती, पण आदळआपटही नव्हती. मग मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, बायकोचे रविवार मोकळे झाले आणि तिनं ते जिल्हा वनस्पती मंडळाला देऊन टाकले. तिथून चष्मेवाल्याची पोटदुखी सुरू झाली.

हे मंडळ म्हणजे जिल्ह्यात कुठली वनस्पती कुठं उगवते ते शोधून नकाशावर टिंबं काढणाऱ्या हौशी लोकांचा गोतावळा. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांची कपाटं होती. जिल्ह्याचे चौकोन पाडलेले, आणि प्रत्येक वनस्पतीला स्वतंत्र नकाशा. झाड सापडलं की त्या चौकोनात टिंब पडायचं. पण टिंब असं कुणाही एकट्याच्या शब्दावर पडत नसे. शोधणाऱ्याबरोबर साक्षीदार लागायचा. त्यानं झाड जागेवर उगवलेलं स्वतः पाहायचं आणि वाळवलेल्या नमुन्याखालच्या चिठ्ठीवर दोघांनी सह्या करायच्या. त्यामुळे सगळे जोडीजोडीनं हिंडत, आणि चष्मेवाल्याच्या बायकोच्या वाट्याला जोडीदार आला मोजणीदार.

मोजणीदार आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेला. उंच, सडसडीत, डोक्यावर अजून भरपूर केस, आणि बायको वारलेली. यातली एखादी गोष्ट कमी असती तरी चष्मेवाल्यानं गोड मानून घेतलं असतं. तो चष्मेवाल्याच्या बायकोला 'वहिनी' म्हणायचा, दारात आला की चष्मेवाल्याला हात जोडून नमस्कार करायचा, कधी उंबरा ओलांडून आत यायचा नाही. बोट ठेवायला जागा नव्हती, आणि त्याचाच चष्मेवाल्याला जास्त राग यायचा. माणसानं काही आगळीक केली तर भांडता तरी येतं. या शहाण्याशी भांडायचं कशावरून?

त्यात भर पडली भिंगाची. बायको मंडळात जायला लागली तेव्हा चष्मेवाल्यानं मोठ्या हौसेनं तिला एक भिंग बनवून दिलं होतं. उत्तम काच निवडली, स्वतः घासली, पितळेच्या कडीत बसवली, गळ्यात अडकवायला दोरी लावली. नंतर एकदा मंडळाचं वार्षिक पत्रक घरी आलं. त्यात फोटो. टेकडीच्या उतारावर बायको आणि मोजणीदार गुडघे टेकून बसलेत, मध्ये कसलंसं रोपटं, आणि दोघं त्या एकाच भिंगातून एकदम बघायची खटपट करतायत. डोक्याला डोकं लागलेलं. फोटोखाली लिहिलं होतं, 'काकडपाल्याचं निरीक्षण'. चष्मेवाल्यानं तो फोटो दुकानातल्या सगळ्यात जाड भिंगाखाली धरून पाहिला. त्याच्या हातचं भिंग, आणि बघायला हा गडी.

काकडपाला ही रानात आपसूक येणारी, कच्ची खायची पालेभाजी. बारीक दातेरी पानांच्या जोड्या, वर लालसर हिरवा बोंडासारखा फुलोरा, आणि पान चुरगाळलं की थेट काकडीचा वास. जिल्ह्याच्या उत्तरेला चुनखडीच्या टेकड्या आहेत, तिथं तो गवतासारखा माजलेला. नकाशाचा वरचा भाग टिंबांनी काळा झाला होता. खालचा, दक्षिणेचा भाग मात्र कोरा. तिथली माती लाल, तिच्यात चुना नाही, आणि चुना नाही तिथं काकडपाला येत नाही. मंडळात हा विषय कधीच मिटला होता.

बायकोला मात्र तो मिटलेला मंजूर नव्हता. तिची मावशी दक्षिणेत, कालव्यावरच्या जुन्या पंपघराच्या चाळीत राहायची. लहानपणी सुट्टीत ही तिथं गेली की मावशी भिंतीच्या कडेनं वाकून कसलासा पाला खुडायची, धुवायची आणि पावाच्या तुकड्यात घालून हिच्या हातात द्यायची. त्याला काकडीचा वास यायचा. पंपघर बंद पडलं, चाळ पाडली, मावशीही गेली. पण तो पाला काकडपालाच होता, असं बायको छातीवर हात ठेवून सांगायची. मंडळात लोक हसले. घरी चष्मेवालाही हसला होता.

"लहानपणी आपण काय वाटेल ते खातो गं. मी तर पाटीवरची पेन्सिल खायचो."

मोजणीदार तेवढा हसला नव्हता. तो म्हणाला होता, "शोधू या की, वहिनी. नाही सापडला तर नाही." आणि गेली दोन वर्षं दोघं अधूनमधून दक्षिणेची पायपीट करून हात हलवत परत येत होते. आपण हसायला नको होतं, हे चष्मेवाल्याला फार उशिरा उमगलं. तोवर ती जागा दुसऱ्यानं पटकावली होती.

जळत्यात तेल ओतायला त्याची धाकटी बहीण होतीच. ती चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायच्या निमित्तानं दुकानात यायची. दांडी कधी सैल नसायचीच.

"दादा, वहिनी आज पण रानात?"

"हो. मंडळाचं काम असतं."

"मंडळ म्हणजे तो उंच माणूस ना? कालव्याच्या बसला दिसले दोघं. डबा उघडून खात होते." मग आरशात चष्मा लावून बघत, "मी आपलं सहज सांगितलं हं. माझ्या मनात काही नाही."

तिच्या मनात काही नसेलही, पण चष्मेवाल्याच्या मनात त्या डब्यानं घर केलं. डब्यात काय होतं? सकाळी घरात तर नुसता पाव आणि उकडलेली अंडी होती. म्हणजे आपल्या वाट्याचं अंडं त्या लंबूच्या पोटात गेलं? तो चक्क अंडी मोजायला लागला. माणूस इतका खाली घसरला की त्याला स्वतःचीच लाज वाटायला हवी. चष्मेवाल्याला वाटत होती, पण जळफळाटापुढं लाजेचं काही चालत नव्हतं.

आणि मग त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. दक्षिणेतला काकडपाला आपणच शोधून द्यायचा. त्या मोजणीदाराला दोन वर्षं जे जमलं नाही ते आपण करायचं. बायको आपल्याकडे बघेल, आणि त्याचा पत्ता कट. अडचण एवढीच होती की चष्मेवाल्याला गवत आणि कोथिंबीर यांतला फरक कळण्याची मारामार. शोधणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. पेरणं होतं.

बायकोचे वाळवलेले नमुने माळ्यावर रद्दीच्या घड्यांत दाबून ठेवलेले असायचे. ती कामाला गेली असताना त्यानं उत्तरेतल्या काकडपाल्याच्या घड्या काढल्या, सुकलेली बोंडं हलकेच झटकली आणि बी काचा पुसायच्या फडक्यात बांधलं. कालव्यापलीकडच्या कामगार वसतिगृहात तो दर महिन्याला डोळे तपासायला जायचाच. पंपघर वाटेवर होतं. रंगाच्या दुकानातून त्यानं भिंतीला लावायच्या चुन्याची पिशवी घेतली, मागच्या पडक्या भिंतीच्या कडेला माती उकरून चुना मिसळला आणि बी पेरलं. काम त्याच्या स्वभावासारखं नीटनेटकं. खिशात चष्म्याची एक फ्रेम होती, ती आडवी ठेवून तो अंतर घेत गेला. भिंग मधोमध बसवायची सवय असलेला माणूस, त्याला वेडंवाकडं काही करताच येत नसे.

पुढचे महिने तो चोरून पाणी घालून यायचा. थंडी सरता सरता रोपं अशी तरारून वर आली की चष्मेवाल्याला क्षणभर वाटलं, आपण खरंच शोधलीत. एक पान खुडून त्यानं रुमालात घेतलं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात बायकोच्या पुढ्यात ठेवलं.

"वसतिगृहाकडून येताना पंपघराशी थांबलो होतो. हे काय आहे गं? तुझ्यातलंच काहीतरी दिसतंय."

बायको भांडी विसळत होती. तिनं ओल्या हातानंच पान उचललं, उजेडात धरलं, चुरगाळलं, हुंगलं आणि तोंडात टाकलं. डोळे मिटून चावत राहिली. नळ तसाच वाहत होता. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"अहो, हीच ती. मावशीच्या हातची चव." तिनं त्याचा हात घट्ट धरला. "तुम्ही थांबलात तिथं? माझ्यासाठी?"

"मग काय!" चष्मेवाला म्हणाला. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. असा हात तिनं कितीतरी वर्षांत धरला नव्हता. तो आणखी थोडा वेळ धरला असता तर फार बरं झालं असतं. पण दुसऱ्याच क्षणी तो सोडून ती फोनकडे धावली.

"मोजणीदारसाहेब! ऐकताय ना? बसलेले असाल तर उठा!"

चष्मेवाल्यानं नळ बंद केला. पेरलं आपण, पाणी घातलं आपण, आणि पहिला आनंद पोचला त्याच्या कानात.

रविवारी तिघं पंपघराला गेले. तिघं एकत्र जायची ती पहिलीच वेळ. पडक्या भिंतीमागं पोचताच बायको लहान मुलीसारखी पुढं धावली आणि रोपांशी बसली. "हे बघा, हे! आणि हे पण!" तिनं नवऱ्याला हाताला धरून शेजारी बसवलं, भिंग त्याच्या डोळ्यांशी धरलं. "पानाची कड बघा कशी आहे ती. दिसली?" तिचं डोकं त्याच्या डोक्याला टेकलं. चष्मेवाल्याला कड दिसली नाही, पान दिसलं नाही. पण इतक्या दिवसांची आग पोटात पहिल्यांदा विझली.

त्यानं मान वर केली ती मोजणीदाराचं तोंड पाहायला. म्हटलं, बघू या आता कोण जळतंय.

मोजणीदार भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. तो रोपांच्या रांगेच्या बरोबर समोर उभा होता, एक डोळा मिटून. शेताची हद्द सरळ आहे की नाही ते मोजणी करणारे लोक जसं बघतात, तसा तो त्या रांगेवरून नजर लावून बघत होता. मग तो वाकला. बोटानं एका रोपाच्या बुडाशी माती खरवडली आणि चिमूट तळहातावर घेतली. लाल मातीत पांढरेशुभ्र कण. त्यानं हात झटकला आणि सावकाश चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाल्यानं घाईघाईनं नजर भिंगाकडे वळवली.

"काढा नमुना, वहिनी," मोजणीदार म्हणाला, "पण साक्षीला मी सही नाही करणार."

बायकोला आधी वाटलं, तो थट्टा करतोय. "का? काकडपाला नाही हा?"

"आहे. काकडपालाच आहे."

"मग?"

"माझी खात्री पटत नाही."

"झाड तेच आहे म्हणता, आणि खात्री पटत नाही म्हणता. असं कुठं असतं?"

मोजणीदार बोटांना लागलेली माती पुसत राहिला. चष्मेवाल्यानं मूग गिळले ते गिळलेच. एका वाक्यात हा माणूस आपल्याला मातीत घालू शकतो, हे त्याला कळत होतं. पण ते वाक्य येतच नव्हतं.

बायको उभी राहिली. तिचा आवाज चढला. "मी सांगू का? सगळं आयुष्य तुम्ही ही दक्षिण पायाखाली घातलीत. मोजणीची साखळी घेऊन इथं फिरलात. तुम्हाला दिसला नाही, आणि डोळे तपासायला आलेल्या या माणसाला दिसला. ते खुपतंय तुम्हाला. एवढ्या कोत्या मनाचे असाल असं वाटलं नव्हतं मला."

मोजणीदाराचे कान लाल झाले. त्यानं पिशवी उचलली, सवयीनं हात जोडले आणि बसथांब्याकडे चालू लागला. चष्मेवाला त्याची उंच पाठ लहान होताना पाहत राहिला. दोन वर्षं ज्यासाठी जीव कुढत होता ते आयतं पदरात पडलं होतं. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि तोंड बंद ठेवण्यात त्याचा हातखंडा होता.

रविवार परत मिळाले. बायको घरी असायची, दोघं सावकाश चहा प्यायची, अंडी ज्याची त्याच्या पोटात जायची. बहीण येऊन म्हणाली, "बरं झालं बाई, वहिनीचे डोळे उघडले." सुख म्हणतात ते हेच असावं. पण चष्मेवाल्याच्या लवकरच ध्यानात आलं की यात काहीतरी चुकतंय. पूर्वी घरात मोजणीदाराचं नाव रविवारी संध्याकाळी एकदा निघायचं. आता ते रोज निघत होतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. "असा कसा वागला हा माणूस?" "मी तर त्यांना देवमाणूस समजत होते." "अहो, तुम्हाला काय वाटतं, का केलं असेल त्यांनी असं?" भांडण झालेला मोजणीदार सोबतीच्या मोजणीदारापेक्षा जास्त जागा अडवून बसला होता. जो कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता, तो आता जेवायच्या टेबलाशी येऊन बसायचा.

शेवटी तिनं नमुना जाड कागदावर चिकटवला, खाली चिठ्ठी लावली आणि ती टेबलावर त्याच्याकडे सरकवली.

"साक्षीदार कुणीही सज्ञान माणूस चालतो, मी विचारून आले. तुम्ही करा सही. शनिवारी बैठक आहे, टिंब पडेल."

तिच्या नावाखाली रिकामी जागा होती. त्याला हवी होती ती हीच. "पेन खाली दुकानात राहिलं," तो म्हणाला. "उद्या करतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि मोजणीदार आत आला.

"डोळे तपासायचे आहेत," तो म्हणाला.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. चष्मेवाल्यानं खुर्ची दाखवली, हनुवटीची पट्टी त्याच्या उंचीला वर केली आणि दिव्याचा झोत डोळ्यांत टाकला. स्वच्छ डोळे. बुबुळामागची काच एखाद्या तरण्या पोराची असावी अशी नितळ. फलकावरची अक्षरं मोजणीदारानं खालच्या ओळीपर्यंत वाचली. त्याखाली बारीक टाइपात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," चष्मेवाला म्हणाला. मनात म्हणाला, याचे डोळेसुद्धा चांगलेच असायला हवे होते का?

"मला ठाऊक आहे. मंडळात मी सांगितलंय की मोतीबिंदू धरतोय, बारीक दिसत नाही, म्हणून सही केली नाही. नाहीतर शंभर प्रश्न विचारले असते. तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगा. दोघांचं एक असलेलं बरं."

चष्मेवाल्यानं दिवा बंद केला. "का करताय हे?"

"खरं कळलं तर मंडळ वहिनींचं एकही टिंब ठेवणार नाही. नवऱ्यानं पेरलं, बायकोनं शोधलं, असंच म्हणतील. एवढ्या वर्षांचं त्यांचं काम पाण्यात जाईल."

"म्हणजे मीही सही करू नये, असंच ना?"

"ते तुमचं तुम्ही बघा." मोजणीदारानं हनुवटी पुसली. "मी नाही सांगणार त्यांना. माझा रविवार गेला तो गेला. त्यांचं नाव जाऊ नये." खुर्चीतून उठताना त्यानं तपासणीची फी काउंटरवर ठेवली.

तो गेल्यावर चष्मेवाल्यानं हनुवटीची पट्टी पुन्हा खाली केली. पश्चात्ताप झाला म्हणावं तर तसं काही झालं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. हा कोण लागून गेला आपल्या बायकोचं नाव सांभाळणारा? ती वाट्टेल तसं बोलली, आणि हा मुकाट ऐकून वर तिच्यासाठी आंधळा व्हायला निघालाय! नवरा कोण, हा की मी? त्याच्या मोठेपणावर आपला संसार चालायचा, ही कल्पनाच त्याला सहन होईना. असलं मोठेपण आपल्यालाही दाखवता येतं. खरं आपणच सांगून टाकायचं. ती रागावेल, रडेल, दोन दिवस अबोला धरेल. पण म्हणेल, माझ्या नवऱ्यानं निदान कबूल केलं. त्या लंबूच्या हातात मग काही उरणार नाही.

संध्याकाळी बायको कामावरून आली. त्यानं तिला टेबलाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. झटकलेलं बी, चुन्याची पिशवी, खिशातली फ्रेम. का केलं तेही सांगितलं. "मला तुमचं ते एकत्र हिंडणं बघवत नव्हतं," तो म्हणाला. "मी जळत होतो गं. तू माझ्याकडे बघावंस म्हणून केलं."

ती नखातली प्लास्टरची भुकटी दुसऱ्या नखानं काढत राहिली.

"म्हणजे मावशीचा पाला तिथं नव्हता," ती शेवटी म्हणाली.

"ते कुणाला माहीत? असेलही पूर्वी."

"असेल तरी आता काय उपयोग? उद्या खरंच कुणाला दक्षिणेत काकडपाला सापडला, तरी लोक म्हणतील, तो चष्मेवाल्यानं पेरलेला. वाऱ्यानं बी गेलं असेल, पाण्यानं गेलं असेल. माझ्या मावशीला तुम्ही कायमचं खोटं पाडलंत."

हे चष्मेवाल्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण त्याला अजून आशा होती. तो म्हणाला, "मी लपवलं नाही ना शेवटी? तुला सांगितलं ना मीच? त्याला सगळं ठाऊक होतं, तरी तो बोलला नाही."

बायकोनं मान वर केली. "कुणाला ठाऊक होतं?"

"त्याला. मोजणीदाराला."

"कधीपासून?"

आता माघार घ्यायला जागा नव्हती. "तिथंच. त्या भिंतीपाशीच. त्यानं रांग पाहिली, चुना पाहिला. आणि आज दुकानात आला होता. मोतीबिंदू झालाय असं मंडळात सांगितलंय म्हणे त्यानं, तुझ्यावर बोट येऊ नये म्हणून. डोळे ठणठणीत आहेत त्याचे."

"मी त्यांना कोत्या मनाचे म्हटलं," ती हळूच म्हणाली. "तुमच्यासमोर म्हटलं. तुम्ही ऐकत होतात. आणि ते ऐकून घेत होते."

चष्मेवाला काहीतरी बोलायला गेला, पण तिचं लक्ष नव्हतं. ती त्याच्यावर ओरडली असती, भांडं आपटलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. तिचा राग त्याच्यासाठी होता कुठं? ती खिडकीबाहेर बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की त्याला जागेवरून उठवेना. त्यानं पान आणून दिलं तेव्हाही ते आलं नव्हतं. लग्न झालं तेव्हाही आलं होतं की नाही, त्याला आठवेना.

ती उठली. नमुन्याचा कागद उचलून तिनं चिठ्ठीसकट चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"रविवारी जाऊन ती सगळी रोपं उपटायची. मूळ मागं राहता कामा नये. आणि मंडळात मी स्वतः सांगणार आहे. माझी टिंबं गेली तर जाऊ देत."

"मी येतो बरोबर."

"रविवारी या. आत्ता नको." ती पर्स शोधत होती. "आत्ता मी त्यांच्याकडे जातेय. माफी मागायला."

"एकटीच?"

ती आतल्या खोलीत गेली. आजवर मोजणीदाराबरोबर जायचं म्हटलं की ती जुना सदरा चढवायची, केसांना फडकं गुंडाळायची आणि जिना उतरता उतरता चपला अडकवायची. चष्मेवाल्यानं दाराच्या फटीतून पाहिलं. तिनं तोंड धुतलं. कपाटातून निळे, चांगले कपडे काढले. मग ती आरशासमोर उभी राहिली, केस मोकळे सोडले, विंचरले, बांधले, पुन्हा सोडले आणि पुन्हा बांधले. दोन वर्षं तो ज्या गोष्टीसाठी जळला ती तोवर कुठंच नव्हती, हे त्याला त्या फटीशी उभं राहून कळलं. ती आज सुरू झाली होती, आणि सुरू त्यानंच करून दिली होती.